वाघ आणि गव्हावरचा तांबेरा: शून्यावर आल्यावर एक संपतो, दुसरा दरवर्षी परत येतो, असे का?

प्रश्न: फळा_आणि_खडू

मी यवतमाळ जिल्ह्यात, टिपेश्वर अभयारण्यापासून फार लांब नसलेल्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात जैवविविधतेचा पाठ चालू असताना नेहमीप्रमाणे फळ्यावर व्याघ्रगणनेचे अंदाज लिहिले: २००६ साली भारतात १,४११ वाघ, २०१४ साली २,२२६, २०१८ साली २,९६७ आणि २०२२ साली ३,६८२. संख्या फार घटली की जोडीदार मिळेनासा होतो, रक्तातल्या नात्यात प्रजनन होऊ लागते, एखादी साथ किंवा शिकाऱ्यांची एक टोळीही सगळे संपवायला पुरते, म्हणून लहान संख्या हाच मुळात धोका असतो, असे मी मुलांना सांगितले. त्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, मग आमच्या गव्हावरचा तांबेरा का संपत नाही? मे महिन्यात शिवारात गव्हाचं एक हिरवं पान नसतं, म्हणजे तांबेरा शून्य. तरी माघात पुन्हा हजर."

वर्ग हसला. मी "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली आणि त्या उद्याला आता सहा दिवस झाले. तांबेरा हा बुरशीचा रोग आहे आणि तिचे बीजाणू, म्हणजे धुळीसारखे बारीक बीजकण, असंख्य असतात हे मला माहीत आहे, परंतु ते या प्रश्नाचे उत्तर होत नाही, कारण मुलगा संख्या शून्य झाल्यानंतरचे विचारतो आहे. शिवाय त्याच्या प्रश्नामुळे माझ्याही डोक्यात एक शंका शिरली आहे. गव्हावर तांबेऱ्याचे बीजाणू लैंगिक प्रजननाशिवाय तयार होतात, म्हणजे ते एकमेकांच्या नकलाच असतात. मग जनुकीय विविधता नसण्याची शिक्षा वाघालाच का होते, तांबेऱ्याला का होत नाही? दोन्ही प्रश्नांवर जाणकारांनी सविस्तर लिहिले तर उपकार होतील.

उत्तर: जुना_भिंगवाला

बाई, त्या मुलाला माझ्यातर्फे शाबासकी द्या. मी वनस्पतिरोगशास्त्रात नोकरी करून निवृत्त झालो आहे आणि हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने विचारणारे पदव्युत्तर विद्यार्थीही मला थोडेच भेटले.

मुलाचे निरीक्षण बरोबर आहे. आपल्या मैदानी भागातल्या उन्हाळ्यात तांबेऱ्याचा बीजाणू टिकत नाही. ही बुरशी जिवंत पानावरच जगते, वाळलेल्या काडात किंवा मातीत तग धरून राहत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत तिला ना यजमान मिळतो ना सोसवेल असे तापमान. म्हणजे विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या किंवा माळव्यातल्या शिवारात ती दरवर्षी खरोखरच नामशेष होते. चूक एवढीच की आपण "शून्य" मोजताना आपल्या शिवाराची सीमा धरतो, आणि तांबेऱ्याची सीमा आपल्या शिवाराएवढी नसते.

हे कोडे आग्रा कॉलेजचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोडवले. गव्हावर तांबेरा तीन प्रकारचा येतो: खोडावरचा काळा, पानावरचा नारिंगी आणि पिवळा. युरोपात आणि अमेरिकेत खोडावरचा तांबेरा बार्बेरी नावाच्या झुडपावर आपला लैंगिक टप्पा पूर्ण करतो आणि तेथून वसंतात पुन्हा गव्हावर येतो. म्हणून अमेरिकेने १९१८ पासून ही झुडपे खणून काढण्याची मोठी मोहीम चालवली. आपल्याकडची दारुहळद ही याच बार्बेरीची भावंडे, त्यामुळे हिमालयातल्या दारुहळदीवर संशय येणे साहजिक होते. मेहतांनी वर्षानुवर्षे पाने तपासून दाखवले की भारतात हे झुडूप या कामी येत नाही. येथे तांबेरा उन्हाळा काढतो तो डोंगरांत, थंड हवेत उभ्या असलेल्या गव्हावर. खोडावरचा काळा तांबेरा मुख्यतः दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत. तेथून तो वाऱ्यावर बसून खाली उतरतो. नंतर गव्हाच्या रोगांचे अभ्यासक डॉ. एस. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवामानाचे नकाशे लावून दाखवले की नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरात विशिष्ट प्रकारची वादळे झाली म्हणजे निलगिरीकडचे बीजाणू मध्य भारतापर्यंत वाहत येतात आणि पावसाबरोबर गव्हावर उतरतात. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची जी भीषण साथ आली, तिचे बीज असेच बाहेरून आलेले होते.

आता वाघाकडे पाहा. २००४-०५ मध्ये राजस्थानातल्या सारिस्का व्याघ्रप्रकल्पातले वाघ संपले आणि २००९ पर्यंत मध्य प्रदेशातल्या पन्नातले. तांबेऱ्याच्या बाबतीत आपल्या शिवाराचे दरवर्षी सारिस्का होते आणि दरवर्षी निलगिरीतून ते पुन्हा भरून निघते. सारिस्कासाठी निलगिरी नव्हती, म्हणजे राजस्थानातच वाघांचे रणथंबोर होते, पण मधली वाट तुटलेली होती. म्हणून २००८ पासून माणसाने वाघ उचलून नेऊन सोडले.

या दोन्ही गोष्टी एकाच सूत्रात बसतात, आणि त्या सूत्राचा जन्म कोठे झाला हे ऐकून आपल्याला गंमत वाटेल. १९६९ साली रिचर्ड लेव्हिन्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने असे मांडले की एखादी जात एका सलग प्रदेशात राहते असे न मानता ती अनेक सुट्या ठिकाणी विखुरलेली आहे असे धरावे; प्रत्येक ठिकाणी ती केव्हातरी संपते, आणि भरलेल्या ठिकाणांहून रिकाम्या ठिकाणी पुन्हा वस्ती होते. पुनर्वस्तीचा वेग संपण्याच्या वेगापेक्षा जास्त असेल तोवर कोणतेही एक ठिकाण रिकामे झाले तरी जात जगते; तो कमी झाला की आज दिसणाऱ्या वस्त्या कितीही भरलेल्या असोत, एकेक करून सगळ्या विझतात. आज हे सूत्र वन्यजीव संरक्षणाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवतात. लेव्हिन्सने मात्र ते पिकांवरच्या किडींचे जैविक नियंत्रण डोळ्यांसमोर ठेवून लिहिले होते. कीड संपवण्यासाठी काय करावे, याचे गणित त्याने मांडले. पुढच्या पिढीने तेच उलटे धरून वाघ वाचवण्यासाठी वापरले.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, हिरवा पूल. एक पीक निघाले आणि दुसरे यायचे आहे, त्या मधल्या काळात बांधावर आपोआप उगवलेले किंवा अवेळी पेरलेले जे हिरवे गहू उभे असतात, त्यांवरून रोग पलीकडे जातो. आम्ही जन्मभर हे पूल तोडत आलो. वनखाते त्याच अर्थाचे पूल बांधण्यासाठी धडपडते आहे.

उत्तर: पाणवठा_१७

भिंगवाले सरांनी पाया घातला आहे, त्यावर वाघाच्या बाजूने थोडे लिहितो. मी काही वर्षे जंगलातून वाघांची विष्ठा गोळा करून तिच्यातल्या डीएनएवर काम करणाऱ्या चमूत होतो. सकाळी वाटेवर ताजी विष्ठा दिसली की काडीने वरचा पातळ थर खरवडून कुपीत घ्यायचा, कारण वाघाच्या आतड्यातल्या पेशी त्या थरातच सापडतात. बाकी सगळे सांबराचे केस आणि हाडांचे तुकडे. त्या चिमूटभर ऐवजातून तो वाघ कोणाचा कोण लागतो हे समजते.

आपल्याकडे पूल म्हणजे काय, याचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्या शाळेच्याच परिसरातले आहे. टिपेश्वरमध्ये जन्मलेल्या एका नराला २०१९ साली रेडिओ कॉलर लावली होती. पावसाळ्याच्या तोंडाशी तो निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणातले जिल्हे ओलांडत, कापसाच्या आणि तुरीच्या शेतांतून, नाल्यांच्या कडेने, रात्रीचे रस्ते पार करत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर सुमारे १,३०० किलोमीटर चालणे झाले होते, आणि कॉलर काढेपर्यंतचा एकूण आकडा ३,००० किलोमीटरच्या पुढे गेला. लोकांनी त्याला वॉकर नाव दिले. ज्ञानगंगेत खाण्यापिण्याची ददात नव्हती. पण तेथे वाघीण नव्हती.

तांबेरा आणि वाघ यांच्यातला माझ्या मते सर्वांत मोठा फरक येथे आहे, आणि तो संख्येचा नाही. तांबेऱ्याचा एक बीजाणू वाऱ्यावर येऊन ओल्या पानावर पडला आणि रुजला की वस्ती झाली. दोन आठवड्यांच्या आत तेथे फोड येतो आणि त्यातून दिवसाला हजारो बीजाणू उडू लागतात. वाघाच्या बाबतीत एकटा आलेला जीव म्हणजे वस्ती नव्हे. दोघे लागतात, तेही एकाच काळात, आणि त्यानंतर साडेतीन महिन्यांचा गर्भकाळ आणि पिल्ले हाताशी येईपर्यंत वाघिणीची जवळजवळ दोन वर्षे. म्हणून लेव्हिन्सच्या सूत्रातला पुनर्वस्तीचा वेग वाघासाठी फार हळू असतो आणि एकही वाट तुटली तर तो आणखी घसरतो.

एका बाबतीत मात्र सरांशी थोडे असहमत व्हावेसे वाटते. वाऱ्याची वाट आणि वाघाची वाट यांना एकच शब्द वापरला तर मुलांचा गोंधळ होईल. बीजाणू काहीच निवडत नाही. निलगिरीहून निघालेल्या कोट्यवधींपैकी बहुतेक उन्हातल्या अतिनील किरणांनी मरतात, समुद्रात पडतात, डांबरी रस्त्यावर पडतात. वाघ निवडतो. पेंचजवळच्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर जनावरांना खालून जाता यावे म्हणून नऊ ठिकाणी जे मार्ग केले आहेत, त्यांतला सर्वांत लांब सुमारे ७५० मीटरचा आहे. तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघ वारंवार दिसले आहेत, आणि तेच ते वाघ पुन्हा पुन्हा दिसले आहेत, कारण वाट सुरक्षित आहे हे त्यांना कळते. उलट पेंचहून पन्नात नेलेला नर पिंजऱ्यातून सोडल्यावर दक्षिणेची वाट धरून निघाला आणि त्याला पुन्हा पकडून आणावे लागले. बीजाणूला घराची ओढ नसते.

आता आपली दुसरी शंका. विविधता घटली की वाघाचे काय होते, ते ओडिशातल्या सिमिलीपालमध्ये नुसत्या डोळ्यांनी दिसते. तेथे असे वाघ आहेत की ज्यांचे पट्टे जाड होऊन एकमेकांत मिसळले आहेत आणि लांबून जनावर काळेच वाटते. वाघांच्या जनुकांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञ उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली दाखवले की हे एका जनुकातल्या एकाच बदलामुळे घडते, आणि आई-बाप दोघांकडूनही तीच बिघडलेली प्रत आली तरच ते दिसते. इतरत्र दुर्मीळ असलेला हा बदल सिमिलीपालमध्ये एवढा पसरला, कारण तेथले वाघ बाकीच्यांपासून तुटलेले आहेत आणि मूठभर पूर्वजांचे वंशज आहेत. काळा रंग बिचारा निरुपद्रवी असेल; पण रंगाबरोबर न दिसणारे किती दोष जोडीने येत असतील, ही खरी चिंता आहे. म्हणूनच २०२४ च्या अखेरीस आपल्या ताडोबातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी तेथे नेल्या. त्यांतली झीनत झारखंड ओलांडून पश्चिम बंगालात बांकुऱ्यापर्यंत गेली आणि तिला डिसेंबरात बेशुद्ध करून परत आणावे लागले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेलच.

तांबेऱ्याला हा त्रास का नाही, हे सरांनीच सांगावे.

उत्तर: जुना_भिंगवाला

वाऱ्याच्या वाटेबद्दलची दुरुस्ती मान्य. "वाट" या शब्दाने मीच घाई केली.

नकला असूनही तांबेरा का धड राहतो, याचे उत्तर त्याच्या पेशीत आहे. गव्हावर वाढणाऱ्या तांबेऱ्याच्या प्रत्येक पेशीत दोन केंद्रके असतात आणि ती एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी नांदतात. एका केंद्रकातल्या जनुकात दोष असला तर दुसऱ्यातली धड प्रत तो झाकते. वाघांत भावाबहिणींची जोडी जमली की दोष असलेल्या दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. नकला काढणारा तांबेरा जोडीच जमवत नाही, त्यामुळे झाकलेले झाकलेलेच राहते. आप्तसंकराचा, म्हणजे रक्ताच्या नात्यातल्या प्रजननाचा, तोटा होण्यासाठी संकर तरी व्हावा लागतो ना.

मग नवीनपणा कोठून येतो? काही अंशी संख्येतूनच, कारण अब्जावधी नकलांत चुका होतच असतात आणि त्यांतली एखादी चूक गव्हाच्या प्रतिकारशक्तीचे कुलूप उघडते. दुसरी युक्ती मात्र अशी आहे की ती वाचली तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली होती. १९९८ साली युगांडात काळ्या तांबेऱ्याचा एक वाण सापडला, यूजी-९९ या नावाने तो कुप्रसिद्ध झाला. एसआर-३१ या प्रतिकारक जनुकाच्या भरवशावर जगभरचे पुष्कळ गहू उभे होते, ते जनुक त्याने निकामी केले. तो केनिया, इथिओपिया, सुदान, येमेन असे करत २००७ मध्ये इराणात पोहोचला. २०१९ साली झालेल्या जनुकीय अभ्यासातून असे दिसले की त्याच्या दोन केंद्रकांपैकी एक हे दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातल्या एका जुन्या वाणाच्या केंद्रकाशी जवळजवळ हुबेहूब जुळते. म्हणजे केव्हातरी दोन वाणांच्या बुरशीचे धागे एकमेकांना चिकटले, एक आख्खे केंद्रक इकडून तिकडे गेले, आणि लैंगिक प्रजनन न होताच नवा वाण उभा राहिला.

विविधता नसण्याची खरी शिक्षा या कथेत कोणाला होते, तर गव्हाला. १९६० च्या दशकाअखेर आलेला कल्याणसोना हा गव्हाचा वाण देशभर पसरला आणि सत्तरच्या दशकात पानावरच्या तांबेऱ्याने त्याला धरले. पुढे १९९५ चा पीबीडब्ल्यू ३४३ उत्तरेत लक्षावधी हेक्टरवर पसरला आणि पिवळ्या तांबेऱ्यापुढे हरला. पंजाबपासून बिहारपर्यंत एकच वाण पेरला की तांबेऱ्याच्या दृष्टीने ते सलग, न तुटलेले जंगल होते.

आणि एक गोष्ट राहिली. तांबेरा आम्हीही जपतो. शिमल्याच्या फ्लॉवरडेल येथील केंद्रात तांबेऱ्याचे नाना वाण जिवंत ठेवले जातात, कारण गव्हाचा नवा वाण कोणत्या तांबेऱ्याला किती तोंड देतो हे ताडून पाहायला तो हाताशी लागतो. आपल्याकडे महाबळेश्वरलाही याच कामासाठी गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. काचेच्या कपाटात जपलेला शत्रू पाहिला की मला नेहमी प्राणिसंग्रहालयाची आठवण होते. मात्र आमच्या कपाटाची कडी कोणी चुकून उघडी ठेवू नये, एवढीच आमची प्रार्थना असते.

उत्तर: निफाडचा_शेतकरी

मी शास्त्र शिकलेला माणूस नाही, बारा-तेरा हंगाम गहू केलेला आहे, तेवढ्यावर लिहितो. ताई, आपल्या विद्यार्थ्याच्या घरी लोक-१ हा गव्हाचा वाण असणार, असा माझा अंदाज आहे. चपाती चांगली होते आणि बियाणे घरचे ठेवता येते, म्हणून आमच्याकडेही लोक तो सोडत नाहीत. माझ्या शेतात एके वर्षी सोयाबीन उशिरा निघाले आणि गव्हाची पेरणी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. फेब्रुवारीत सकाळी पाणी धरायला वाफ्यातून चालत गेलो, तर बाहेर येईपर्यंत गुडघ्यापासून खाली पायजमा विटकरी झालेला. आधी वाटले माती लागली. झटकली तर धूर उडाला. दुकानदाराने दिलेली फवारणी केली, ती उशिराच झाली, आणि खळ्यावर दाणे इतके पोचट निघाले की व्यापाऱ्याने मूठ उघडून पाहिली आणि काही न बोलता पुन्हा पोत्यात टाकली.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. पेरणी नोव्हेंबरच्या पंधरवड्यात आटपतो, आणि सगळे रान एका वाणाखाली ठेवत नाही. निम्म्यात निफाडच्या संशोधन केंद्राचा त्र्यंबक असतो, उरलेल्यात दुसरे काही. शेजाऱ्याचे आणि माझे वाण वेगळे असले की रोग बांधावर अडखळतो, हे मी पाहिले आहे. जंगल तुटण्याचे जे वर्णन वर आले आहे ते वाचून वाटले की आम्ही शेतात मुद्दाम तेच करत आलो, त्याला नाव ठाऊक नव्हते.

प्रश्नकर्ती: फळा_आणि_खडू

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी फळ्यावर भारताचा नकाशा काढून एका रंगाच्या खडूने निलगिरीपासून मध्य भारतापर्यंतची रेघ आणि दुसऱ्या रंगाने टिपेश्वरपासून ज्ञानगंगेपर्यंतची रेघ काढणार आहे. वॉकरच्या रेघेच्या शेवटी मी थांबणार आणि मुलांनाच विचारणार की याच्या जागी बीजाणू असता तर पुढे काय झाले असते.

एक व्यावहारिक विचारणा. त्या मुलाच्या वडिलांच्या शेतात सध्या पानांवर नारिंगी ठिपके आहेत. पाच-सहा पाने पाकिटात घालून भिंगवाले सरांकडे पाठवली तर ती कोणत्या प्रकारच्या तांबेऱ्याची आहेत हे सांगता येईल का? वर्गातही काही पाने आणून दाखवावीत असा विचार आहे.

उत्तर: जुना_भिंगवाला

बाई, पाने कृपया टपालाने पाठवू नका आणि वर्गातही आणू नका. आपले निम्मे विद्यार्थी संध्याकाळी आपापल्या गव्हात जाणार. १९७९ साली ऑस्ट्रेलियात पिवळा तांबेरा पहिल्यांदा दिसला, तो युरोपातून आलेल्या कोणा प्रवाशाच्या कपड्यांवरून उतरला असावा, असे तिथले शास्त्रज्ञ मानतात.

मुलांनाच शेतावर न्या. सकाळी दव सुकल्यावर जा, सोबत दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग आणि पांढऱ्या कापडाचा तुकडा घ्या. पान कापडावर हलकेच पुसा. ठिपके गोल, लहान, नारिंगी आणि मुख्यतः पानाच्या वरच्या बाजूला विखुरलेले असतील तर तो पानावरचा तांबेरा, आणि आपल्या भागात बहुधा तोच असेल. ठिपके लांबट, गडद विटकरी असून खोडावर आणि पानाच्या आवरणावरही असतील तर भिंगातून त्यांच्या कडा पाहा. खोडावरचा तांबेरा वरची साल फाडून बाहेर येतो आणि कागद फाटल्यासारख्या पांढुरक्या चिंध्या कडेला उभ्या राहिलेल्या दिसतात. पिवळ्या तांबेऱ्याचे ठिपके शिरांच्या बाजूने ओळीत, शिवणीच्या टाक्यांसारखे येतात, पण त्याला थंडी लागते, आपल्याकडे तो सापडायचा नाही.

त्याच फेरीत दुसऱ्या कोणाच्या गव्हात जाऊ नका. घरी आल्यावर कपडे धुवायला टाका, आणि कापडाचा तुकडा तिथेच बांधावर जाळून टाका. छायाचित्रे येथे टाकलीत तर मी पाहून सांगेन. काढताना शेजारी मोजपट्टी धरा.